हातगुणाची गोळी

आजींनी पिशवीतून एक पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. वर्तमानपत्राच्या कागदाची, चौकोनी घडी घातलेली. आत तीन गोळ्या. एक पिवळी, एक गुलाबी आणि एक पांढरी, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. "ही बारकी गोळी लई गुणाची आहे बघा," त्या म्हणाल्या. "ही घेतली नाही तर त्या दिवशी अंथरुणातनं उठवत नाही." पुडीवर नाव नव्हतं आणि सोबत चिठ्ठीही नव्हती. चार वर्षं दर पंधरा दिवसांनी त्या एसटीने जाऊन ही पुडी आणत होत्या. कुणाकडून, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्यांचा हातगुणच तसा आहे."

आजींचा चेहरा गोल आणि तुकतुकीत झाला होता. शेजारणी म्हणत, तब्येत सुधारली. हातपाय मात्र काटकुळे, मानेच्या मागे मांसाचा उंचवटा, मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग. बांगडी घासली तरी कातडी सोलून निघते, असं सून सांगत होती. रक्तातली साखर तीनशेच्या वर होती. तपासता तपासता सून सहज म्हणाली, "हल्ली यांचं लुगडं लोळतंय खाली." लुगडं तेवढंच होतं. पाठीचे मणके खचल्यामुळे आजींची उंचीच कमी झाली होती.

ती पांढरी गोळी बहुधा डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन असणार. दोन्ही स्टेरॉइडं, दोन्ही चहाच्या कपापेक्षा स्वस्त. जिमखान्यात पिळदार दंडांसाठी घेतात ती स्टेरॉइडं वेगळ्या घराण्यातली. त्यांच्याविषयी या प्रकरणात काही नाही. इथे विषय आहे तो दवाखान्यातल्या स्टेरॉइडचा. आजींना आमवात होता, आणि आमवातात स्टेरॉइड देणं ही काही चूक नव्हे. आपल्याला कुणी फसवलं आहे असं आजींना वाटतही नव्हतं. चार वर्षं त्या शेतावर गेल्या, भाकऱ्या थापल्या, नातवाला खेळवलं. मग गुन्हा नेमका कुठे झाला? हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सप्टेंबर १९४८, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं रोचेस्टर गाव, तिथलं मेयो क्लिनिक. २९ वर्षांची एक स्त्री आमवाताने अशी जखडली होती की कूस बदलणंही कठीण. फिलिप हेंच हे तिथले संधिवाताचे डॉक्टर. एका गोष्टीने ते १९२९ पासून बुचकळ्यात पडले होते. आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि कावीळ असेतो त्याचे सांधे दुखायचे थांबले. पुढे गरोदर स्त्रियांतही त्यांना तसंच दिसलं. शरीर स्वतःच असं काहीतरी तयार करत असणार की ज्याने हा रोग दबतो, एवढा तर्क त्यांनी मनात धरून ठेवला. त्याच संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून एकेक द्रव्य वेगळं करत होते. त्यातल्या एकाचं नाव होतं 'कंपाउंड ई'. ते अगदी तोळामासा मिळायचं. पुढे मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी गुरांच्या पित्तापासून, तीसहून अधिक पायऱ्यांची रासायनिक यातायात करून, ते बनवलं तेव्हा कुठे माणसाला टोचण्याइतकं हाती आलं.

२१ सप्टेंबरला त्या स्त्रीला पहिलं इंजेक्शन दिलं. रोज १०० मिलिग्रॅम. तीन-चार दिवसांत ती चालू लागली आणि आठवडाभरात गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या सभेत हेंच यांनी अशा रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या. आधी लंगडत, कण्हत चालणारी माणसं, आणि नंतर तीच माणसं तरतरीत पावलं टाकताना. कंपाउंड ईचं नाव कॉर्टिसोन झालं. हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखश्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळालं, म्हणजे पहिल्या इंजेक्शनानंतर अवघ्या दोन वर्षांत. एवढ्या घाईने नोबेल समितीने फार कमी शोध डोक्यावर घेतले आहेत.

हेंच स्वतः मात्र घाईत नव्हते. हा अजून संशोधनाचा भाग आहे, उपचार म्हणून याकडे पाहू नका, असं ते सुरुवातीपासून बजावत होते. कारण त्या चित्रफितींचा पुढचा भाग त्यांनी वॉर्डात पाहिला होता. औषध थांबवलं की रोग उसळून परत येई. चालू ठेवलं तर चेहरे सुजत, रक्तदाब चढे, काहींचा मनाचा तोल जाई. हे इतकं सर्वतोमुखी झालं की १९५६ मध्ये हॉलिवूडने त्यावर 'बिगर दॅन लाइफ' नावाचा चित्रपटच काढला. कॉर्टिसोन घेऊन भ्रमिष्ट होणाऱ्या शाळामास्तराची भूमिका त्यात जेम्स मेसनने केली. आजींच्या पुडीतला सगळा पेच असा पहिल्या काही वर्षांतच उघडा पडला होता. नंतर आपण पुष्कळ शिकलो, पण 'माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी बसलेली असते. ती रोज पहाटेपासून कॉर्टिसॉल सोडते आणि सकाळी आठच्या सुमारास त्याची पातळी सगळ्यात वर असते. (स्टेरॉइडची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात त्याचं एक कारण हे.) कॉर्टिसॉल साखर, मीठ आणि रक्तदाब सांभाळतं, आजारपणाचा किंवा अपघाताचा धक्का पेलायला शरीराला उभं करतं आणि प्रतिकारशक्तीचा आरडाओरडा आवाक्यात ठेवतं. बाहेरून दिलेलं स्टेरॉइड पेशीच्या आत, थेट केंद्रकापर्यंत जातं आणि सूज आणणाऱ्या जनुकांचे दिवे मालवतं. म्हणूनच ते दम्याला चालतं, आमवाताला चालतं आणि अंगावर उठलेल्या पित्तालाही चालतं. सूज कशामुळे आली हे ते विचारत नाही, कुठलीही सूज त्याला सारखीच.

मेंदूचा मात्र एक समज होतो. रक्तात माल भरपूर दिसला की तो ग्रंथीला कळवतो, तुझं काम नको. ग्रंथी बसून राहते, हळूहळू सुकते. आपलं शरीर रोज बनवतं त्याची भरपाई ढोबळ मानाने ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन करतं. याहून जास्त मात्रा तीन आठवड्यांच्या पुढे गेली की ग्रंथी झोपली आहे असं धरूनच चालायचं. अशा वेळी गोळी एकदम बंद केली, किंवा गोळी चालू असताना मोठी शस्त्रक्रिया झाली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना कुणी काही सांगितलंच नाही, तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. असे मृत्यू १९५० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. आजी म्हणत होत्या, गोळी घेतली नाही तर उठवत नाही. ते लाडिक बोलणं नव्हतं. त्यांच्या ग्रंथींनी खरोखरच संप पुकारला होता.

स्टेरॉइडच्या नीतीचा प्रश्न इतर औषधांच्या प्रश्नाहून वेगळा का, ते इथे दिसतं. अँटिबायोटिक चुकीचं दिलं तर बहुधा गुण येत नाही, रुग्ण परत येतो आणि डॉक्टरला चूक कळते. स्टेरॉइड चुकीचं दिलं तरी गुण येतोच, बऱ्याचदा बरोबर औषधापेक्षा लवकर. चूक करणाऱ्याला ते शाबासकी देतं. श्रेय पहिल्या डॉक्टरला मिळतं आणि बिल चार-पाच वर्षांनी तिसऱ्याच डॉक्टरकडे फाटतं, मोतीबिंदूच्या, मोडलेल्या खुब्याच्या नाहीतर उसळलेल्या क्षयाच्या नावाने. मधल्या काळात पहिल्याच्या दारात गर्दी वाढलेली असते.

मी यातला नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या दिवसांत एक नवरदेव आला. लग्न चार दिवसांवर, अंगभर खाज, रात्रीची झोप उडालेली. हळद लावायची आहे, काहीतरी करा डॉक्टर. बाहेर वीस माणसं बसलेली. कशाची तरी अ‍ॅलर्जी असेल असं म्हणून मी पाच दिवसांच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी खाज पळाली, आणि त्याच्या वडिलांनी पेढे आणून दिले. तीन आठवड्यांनी नवरी, सासू, दोन करवल्या आणि स्वतः नवरदेव असे सगळे एकाच रिक्षातून दवाखान्यात. खाजवून खाजवून बेजार झालेले. ती अ‍ॅलर्जी नव्हतीच, खरूज होती. बोटांच्या बेचक्यात एकदा नीट पाहिलं असतं तर दिसली असती. मी सूज मालवली होती आणि किड्यांना मोकळं रान दिलं होतं. पेढे मात्र गोड होते.

आज हाच प्रकार देशभर चालला आहे. कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा, गेल्या दहा-पंधरा वर्षांत गजकर्णाने त्याची ओपीडी किती व्यापली ते तो सांगेल. गजकर्ण म्हणजे नायटा, बुरशीचा साधा आजार. पूर्वी दोन-चार आठवडे मलम लावलं की जायचा. मधल्या काळात बाजारात मिसळीची मलमं आली. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड, जे साध्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पटींनी जहाल समजलं जातं. डॉक्टरने निदान करायची गरज नाही, ट्यूब काय असेल ते बघून घेईल! जांघेत, कमरेला, जिथे कातडी नाजूक आणि घाम भरपूर, तिथे हे मलम लावलं की दुसऱ्या दिवशी खाज बंद. लाली जाते, गोलाची कड पुसट होते. बुरशी मात्र निवांत पसरत राहते. ट्यूब संपली की आधीच्या दुप्पट जागेवर खाज सुटते, आणि माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. स्टेरॉइडमुळे ओळख बुजलेल्या गजकर्णाला ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ मध्येच वेगळं नाव दिलं होतं, अज्ञातवासातलं गजकर्ण अशा अर्थाचं. आपल्याकडे हा अज्ञातवास घरोघरी झाला. घरात एकच ट्यूब आणि बहुतेक वेळा एकच टॉवेल.

२०२० मध्ये या बुरशीच्या एका जातीला शास्त्रीय नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच भारत आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांच्या अंगावर ती सापडल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केलं, आणि त्यातल्या एकीने अलीकडे परदेश प्रवासही केलेला नव्हता. हे सगळं एकट्या स्टेरॉइडच्या माथी मारणं बरोबर नाही. गर्दी, दमट हवा, घट्ट जीन्स, अर्धवट उपचार, सगळ्यांचाच वाटा आहे. पण बुरशीला पसरायला आणि तग धरायला मिसळीच्या ट्यूबने मदत केली, याबद्दल त्वचारोगतज्ज्ञांमध्ये फारसा मतभेद नाही.

चेहऱ्याचं प्रकरण याहून वाईट. अमेरिकन त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ मध्ये काळ्या डागांवर एक तिहेरी मिश्रण सुचवलं, त्यात थोडं डेक्सामेथासोन होतं. वांगावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक आठवडे लावायचं औषध. आपल्याकडे त्याची भावंडं गोरं होण्याची क्रीम म्हणून मेडिकलमधून विकली गेली, मैत्रिणीने मैत्रिणीला सुचवली, मुलगी बघायला येणार म्हणून आईनेच आणून दिली. पहिला महिना चेहरा खरंच उजळतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात, गालांवर लव वाढते. लावायचं थांबवलं की चेहरा आगीसारखा जळतो, म्हणून पुन्हा लावायचं. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला रोगाचं स्वतंत्र नाव दिलं, 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा', आणि त्यांच्या संघटनेने याविरुद्ध एक कृती दल उभारलं. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षं चालली होती. गोळ्या-इंजेक्शनं 'शेड्यूल एच' या यादीत होती, पण वरून लावायच्या औषधांना त्यातून पळवाट होती. मार्च २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं या यादीत आणली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशा काही मिसळीच्या क्रीमही होत्या. कायदा झाला, बरं झालं. आता तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये जाऊन 'खाजेची ट्यूब द्या' म्हणा आणि काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी मागतो का बघा.

हे वाचून कुणाला वाटेल, दोष खेड्यातल्या पुडीवाल्याचा आणि मेडिकलवाल्याचा. तसं नाही. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना मोठमोठ्या इस्पितळांतून तीस वर्षं स्टेरॉइड टोचलं जात होतं. मेंदूला सूज येते, स्टेरॉइड सूज घालवतं, मग द्यायला काय हरकत? तर्क चोख होता. शेवटी 'क्रॅश' नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. १०,००८ रुग्ण. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं मिथाइलप्रेडनिसोलोन, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच इंजेक्शन. २००४ मध्ये निकाल आला. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन माणसं जास्त, आणि तीही उत्तम हेतूने, उत्तम इस्पितळांत. तीस वर्षांत ती किती झाली असतील याचा हिशेब मांडवत नाही. पुडीवाल्याला निदान आपण लबाडी करतोय हे ठाऊक असतं.

आणि याच्या उलट पाप म्हणजे न देण्याचं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिल्यावर दिवस भरण्याआधी जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा जास्त वेळ श्वास घेत राहिली, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी माणसांवरची चाचणी छापली. वेळेआधी कळा लागलेल्या बाईला बेटामेथासोनची दोन इंजेक्शनं दिली, तर बाळाची फुप्फुसं पिकतात आणि बाळं वाचतात. मात्र हा उपचार सर्रास होईपर्यंत वीसेक वर्षं गेली. स्टेरॉइड आहे, गरोदर बाई आहे, नको! अशाच चाचण्यांच्या एकत्रित आकड्यांची आकृती पुढे कॉक्रेन या संस्थेने आपलं बोधचिन्ह म्हणून घेतली. पुरावा समोर असून डोळ्यांआड केला की काय होतं, याची आठवण म्हणून. भारत सरकारने २०१४ मध्ये सूचना काढून एएनएम ताईंनाही डेक्सामेथासोनची पहिली मात्रा देऊन मगच बाईला वरच्या दवाखान्यात पाठवायची मुभा दिली. आजींच्या पुडीतलं असेल तेच हे औषध. एका ठिकाणी दिलं म्हणून अपराध, दुसऱ्या ठिकाणी दिलं नाही म्हणून.

न देण्याच्या पापातला एक प्रकार फार हळुवार असतो. दम्याच्या मुलाची आई विचारते, "डॉक्टर, पंपात स्टेरॉइड नाही ना?" दम्याच्या रोजच्या पंपात बहुतेकदा ते असतंच, आणि असायलाच हवं. पुष्कळ भले डॉक्टर अशा वेळी म्हणतात, "नाही हो, साधं औषध आहे." हेतू चांगला. खरं सांगितलं तर ती पंप बंद करील आणि मूल पुढच्या थंडीत रात्री दोन वाजता धापा टाकत येईल. मीसुद्धा हे खोटं बोललो आहे. मग एकदा एका आईने पंपाच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं, फोनवर नाव शोधलं आणि परत आली ती पंप घेऊनच. तो टेबलावर ठेवून म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला होता." त्या दिवसापासून तिचा माझ्यावरचा आणि पंपावरचा विश्वास एकदमच गेला.

आता मी कागदावर आकडे लिहून दाखवतो. पंपाच्या एका झुरक्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध. दम्याचा जोराचा अटॅक आला की गोळ्यांतून द्यावं लागतं रोजचं २० किंवा ४० मिलिग्रॅम, म्हणजे २०,००० किंवा ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगवेगळी, त्यांची ताकद वेगळी, म्हणून तुलना तंतोतंत नव्हे. पण पंपातलं थोडंसं थेट फुप्फुसात जातं आणि गोळीतलं पुष्कळसं अंगभर फिरतं, एवढं त्यातून कळतं. "पंप नीट घेतला तर गोळीतलं मोठं स्टेरॉइड टळतं," असं सांगितलं की बहुतेक आया मान डोलावतात. चूळ भरायला विसरू नका, नाहीतर तोंडात पांढरं येईल, हेही सांगतो. या सगळ्याला चार मिनिटं लागतात. खोटं बोलायला चार सेकंद लागायची.

चार मिनिटं कुणाकडेच नव्हती तो काळ अजून फार जुना झालेला नाही. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीने जाहीर केलं की कोविडमध्ये डेक्सामेथासोनने जीव वाचतात. जगातल्या सगळ्यात स्वस्त औषधांपैकी एक, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आलं. ऑक्सिजन लागणाऱ्यांमध्येही फायदा दिसला. मात्र ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात औषध मिळालेल्यांपैकी १७.८ टक्के दगावले आणि न मिळालेल्यांपैकी १४. फरक नक्की म्हणण्याइतका ठाम नव्हता, पण फायदा नव्हता हे उघड होतं. बातमीचा पहिला अर्धा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, दुसरा गेला नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरी, ताप आल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, ऑक्सिजन ९८ असताना लोक स्टेरॉइड घेत होते. कुणी दुप्पट-तिप्पट मात्रेत, कुणी दहाऐवजी तीस दिवस, कुणी शेजाऱ्याची चिठ्ठी वापरून. साखर तपासायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. मे महिन्यात दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावं लागलं की सौम्य आजारात सुरुवातीलाच स्टेरॉइड घेऊ नका.

मग म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आली. अनियंत्रित मधुमेह, त्यात स्टेरॉइड, त्यात कोविड. महाराष्ट्र या साथीत सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी होता. अँफोटेरिसिन या तिच्यावरच्या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरत होते. कित्येकांचा डोळा काढावा लागला, कित्येकांचा वरचा जबडा. आमच्या तालुक्यात असे रुग्ण झाले, त्यांतले दोघे मला रोज दिसतात. त्यानंतर काही महिन्यांनी चाळिशीच्या आतली माणसं खुबा दुखतो म्हणून येऊ लागली, खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मृत झालेला. तेव्हा दिलेलं सगळंच चुकीचं होतं का? नाही. ऑक्सिजनवर असलेल्या ज्या माणसाला सहा मिलिग्रॅम मिळालं तो आज त्यामुळेच जिवंत असेल. वेळ आणि मात्रा या दोन गोष्टींवर सगळं अडलं होतं.

म्हणून स्टेरॉइड चांगलं की वाईट यावर वाद घालण्यात मला रस उरलेला नाही. मूत्रपिंडाच्या नेफ्रॉटिक आजाराने सुजलेलं मूल, कपाळाच्या शिरेच्या सुजेने दृष्टी जायच्या बेतात असलेली म्हातारी, कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये हात लुळा पडत चाललेला मजूर, यांना स्टेरॉइड दिलं नाही तर तो हलगर्जीपणा. मी पाहतो ती चिठ्ठी. तिच्यावर औषधाचं नाव वाचता येतं का, ते किती दिवस घ्यायचं आणि कसं उतरवत न्यायचं हे लिहिलंय का, रोग्याला 'हे स्टेरॉइड आहे' असं तोंडाने सांगितलंय का. सहा महिने द्यायचं असेल तर साखर, रक्तदाब, डोळे आणि हाडं कोण बघणार हे ठरलंय का. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत गुप्त औषधांवर एक कलम आहे. डॉक्टरने दिलेल्या प्रत्येक औषधाला स्पष्ट नाव असलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. आजींच्या बाबतीत गुन्हा त्या गोळीत नव्हता, तो वर्तमानपत्राच्या त्या कागदात होता. नाव नसल्यामुळे त्या दुसऱ्या कुणाला विचारू शकत नव्हत्या, थांबवू शकत नव्हत्या, आणि उद्या खुबा मोडून ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या असत्या तर भूल देणाऱ्याला काही सांगूही शकल्या नसत्या. त्या दर पंधरा दिवसांनी एसटीत बसत राहिल्या.

मी आजींची ती गोळी बंद केली नाही. तेवढ्याच ताकदीचं प्रेडनिसोलोन नाव लिहून दिलं, आमवाताचं मूळ औषध मेथोट्रेक्सेट सुरू केलं, साखरेचं आणि हाडांचं बघितलं, आणि महिन्या-महिन्याने थोडं थोडं स्टेरॉइड उतरवायला घेतलं. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला दीड-दोन महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात आजी वैतागल्या. "डॉक्टर, तुमच्या औषधाला गुण नाही." सून मध्ये पडली म्हणून टिकल्या. साताठ महिन्यांनी चेहरा उतरला तेव्हा त्याच शेजारणी म्हणाल्या, किती वाळलात हो. लुगडं मात्र अजून लोळतंच, मणके काही परत वर येत नाहीत.

तुमच्या घरात अशी पुडी असेल, किंवा चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट, मिथाइलप्रेडनिसोलोन यांपैकी एखादं नाव असेल आणि गोळी तीन आठवड्यांहून जास्त दिवस चालू असेल, तर हे प्रकरण वाचून ती उद्या सकाळी बंद करू नका. गोळ्या, पुडीचा कागद, जुन्या चिठ्ठ्या सगळं एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा.